शिलोंड्याची वाट

आमच्या बिल्डिंगच्या मागून दहिसर नदी जाते. येणारे-जाणारे तिला नालाच म्हणतात. काळं पाणी, कठड्याला अडकलेल्या पिशव्या आणि उन्हाळ्यात येणारा वास बघता त्यांना दोष देता येत नाही. अठरा वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तिला बघत आले. ही नदी तुळशी तलावाच्या परिसरात, म्हणजे आपल्या नॅशनल पार्कातच उगम पावते आणि तिथे तिचा तळ दिसतो, हे मला गेल्या वर्षी कळलं. तेव्हापासून ते पाणी एकदा डोळ्यांनी बघायचं मनात बसलं होतं.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचं कागदावरचं नाव. आम्ही बोरिवली-दहिसरची माणसं अजून नॅशनल पार्कच म्हणतो. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल, एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला ठाणं, खाली मुलुंड-भांडुप. मुलं लहान असताना आम्ही तिथे मिनी ट्रेनमध्ये बसायला जायचो, कान्हेरीला डबे घेऊन जायचो. जंगलात मात्र कधी गेलो नव्हतो. डांबरी रस्ता सोडून पाऊल आत टाकलंच नव्हतं.

पहिल्या वेळी एकटीच गेले. सप्टेंबरातला रविवार, सकाळी साडेसातला मेन गेटवर तिकीट काढलं आणि कान्हेरीच्या रस्त्याने चालत सुटले. सहा-सात किलोमीटर भराभर चालले, कारण चालायला जायचं म्हणजे भराभर चालायचं हीच सवय. वाटेत माकडं दिसली, कावळे दिसले, सायकलवाले आणि शाळकरी मुलांचे घोळके दिसले. बाकी काही नाही. घरी येऊन आईला सांगितलं, "तिथे आता काही उरलेलं नाही गं." आई ऐंशीची आहे, संगमेश्वरकडच्या वाडीत वाढलेली. ती म्हणाली, "रानात धावत गेलं तर रान गप्प बसतं." मी ते तेव्हा कानाआड केलं.

दुसऱ्या वेळी रीतसर गेले. पार्कातल्या शिलोंड्याच्या पायवाटेवर आपल्या मनाने जाता येत नाही, वनखात्याची परवानगी आणि सोबत मार्गदर्शक लागतो. ते योग्यच आहे. निसर्ग माहिती केंद्रात फोन करून नाव नोंदवलं. फोनवरच्या मुलीने सूचना सांगितल्या त्या मी वहीत लिहून घेतल्या. पूर्ण बाह्यांचे मातकट किंवा हिरवट कपडे, पांढरा-लाल नको. अत्तर, बॉडी स्प्रे नको. पकड असलेले बूट, दोन लिटर पाणी, खाऊ असेल तर डब्यात, प्लास्टिकच्या पुड्यात नाही. सोमवारी पार्क बंद असतो हेही तिनेच सांगितलं. दुर्बीण नव्हती, ती शेजारच्या मुलाकडून मागून घेतली. आदल्या रात्री गच्चीवर जाऊन तासभर तिची सवय केली. पहिल्यांदा दुर्बीण हातात घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला सांगेन. जंगलात पक्षी समोर असतो आणि आपण भिंगातून नुसती पानं शोधत बसतो. आधी साध्या डोळ्याने पक्षी पकडायचा आणि नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्याला आणायची, हे हाताला आधीच वळण लागलेलं बरं.

ऑक्टोबरातला दुसरा आठवडा. पाऊस परतला होता, दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस चार-पाच दिवसांवर आली होती. सकाळी सातला आम्ही बाराजण जमलो. मार्गदर्शक दादा पार्कातल्याच एका पाड्यावरचे, वारली, वय पन्नाशीच्या आसपास. त्यांनी सगळ्यांचे फोन सायलेंटवर टाकायला लावले आणि सांगितलं, "मी हात वर केला की पाय जिथं असेल तिथं ठेवायचा. पुढचा उचललेला असेल तर हळूच टेकवायचा." बस, एवढंच. ग्रुपमधला एक तरुण फोनवर पक्ष्यांचे आवाज वाजवायला लागला, पक्षी जवळ यावेत म्हणून. दादांनी त्याला शांतपणे थांबवलं. पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला, तो खाणं सोडून भांडायला येतो, त्याचा दिवस वाया जातो, असं त्यांनी समजावलं. पोराने लगेच फोन खिशात टाकला.

रस्ता सोडून आत वळलो आणि दहा पावलांत हवा बदलली. बाहेर ऑक्टोबरचा घाम, आत ओलसर गारवा आणि कुजक्या पानांचा वास. साग, ऐन, कळंब, उंबर. मधूनच कांडोळीचं एखादं पांढरंफटक झाड, अंधारात उभ्या माणसासारखं. दोन्ही बाजूंना कारवीच्या वाळक्या काठ्या उभ्या होत्या. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, सगळी एकदम, आणि फुलून झाली की मरते. इथे ती 2016 साली फुलली होती, मग 2024 साली. पुढच्या उन्हाळ्यात बोंडं तडकतात तेव्हा जंगलभर तड तड आवाज चालू असतो, असं दादा म्हणाले. त्या मेलेल्या काठ्यांच्या पायाशी वीतभर उंचीची नवी रोपं दाटीने उगवली होती. ही फुलतील तेव्हा मी साठीच्या घरात असेन.

पहिला अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. बाकीच्यांना दिसत होतं. "तो बघा हळद्या", "तिकडे सर्पगरुड", आणि मी मान वळवेपर्यंत फांदी रिकामी. मग दादांनी हात वर केला. वाट ओढ्याकडे उतरत होती, बाजूला करवंदीची जाळी होती. ते म्हणाले, "ताई, या फांदीवर बघा. हात लावू नका, पुढं झुकू नका." फांदी माझ्यापासून सहा-सात फुटांवर. मी पाहिलं, पानं होती. पुन्हा पाहिलं. पानंच होती. बाकीचे हळूहळू "आलं, दिसलं" म्हणत मागे सरकले. मी एकटीच उरले. दादांनी बोट दाखवलं नाही. ते फक्त म्हणाले, "पान शोधू नका. वाऱ्याने जे हलत नाही ते शोधा."

झुळूक आली. सगळी पानं हलली आणि त्यांच्यात एक हिरवी वेटोळी हलली नाही. मग एकदम ती सगळीच्या सगळी दिसली. त्रिकोणी डोकं, मानेशी निमुळतं. खवले एकमेकांवर बसवलेल्या कौलांसारखे, पाठीवर हिरवे, पोटाकडे पिवळसर होत गेलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखा एक खळगा. हा चापडा साप. त्या खळग्याने त्याला उष्णता कळते. रात्री उंदीर जवळून गेला की अंधारातही तो त्याचा नेम धरतो. दिवसभर असाच गुंडाळून बसतो, तासन्‌तास. विषारी आहे, पण आपण लांब उभे असलो तर त्याला आपलं काही देणंघेणं नाही. मी त्याच्याकडे पाच मिनिटं बघत होते. तेवढ्या वेळात त्याने एकदाच जीभ बाहेर काढली.

त्यानंतर माझी नजर बदलली. हे मी वाढवून सांगत नाही. जे आपल्यासमोर सहा फुटांवर असून दोन मिनिटं दिसलं नाही ते एकदा दिसलं की डोळा वेगळ्या तऱ्हेने बघायला लागतो. पानाच्या खालची बाजू, खोडाची खोबण, सावलीची कड. वाटेवर आडव्या पसरलेल्या एका जाळ्याची दोरी उन्हात चक्क सोन्यासारखी पिवळी चमकली. जाळ्याच्या मधोमध जायंट वूड स्पायडरची मादी, पाय धरून माझ्या तळहाताएवढी, काळ्या पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. तिच्याच जाळ्यात वरच्या कोपऱ्यात मुगाच्या दाण्याएवढा तांबूस किडा दिसला. तो तिचा नर. इतका लहान की ती त्याला सहसा खायच्याही भानगडीत पडत नाही. आम्ही सगळे एकेक करून त्या जाळ्याखालून वाकून गेलो. बाराजण गेलो, जाळं तुटलं नाही. याचा मला फार आनंद झाला.

मग ओढा आला. शिलोंड्याचा हा ओढा पुढे दहिसर नदीला मिळतो. काळे गुळगुळीत खडक, मध्ये कमरेएवढे डोह. मी बूट काढले नाहीत, नुसती उकिडवी बसले आणि हात घातला. थंड. तळाची वाळू एकेक कण मोजावी अशी दिसत होती. बोटाएवढे मासे येऊन माझ्या नखांना तोंड लावून जात होते. एक खेकडा खडकाच्या फटीतून अर्धा बाहेर येऊन थांबला होता. हेच पाणी माझ्या खिडकीखाली येतं. उगमापासून समुद्रापर्यंत पुरती पंधरा किलोमीटरही न वाहणारी नदी, आणि त्यातल्या शेवटच्या थोड्या किलोमीटरांत आपण तिचं काय करून टाकलंय. मला तिथे रडू आलं.

हे जंगल शहराच्या मधोमध टिकलं त्यालाही पाणीच कारण आहे. मुंबईला पिण्याचं पाणी हवं म्हणून इंग्रजांच्या काळात आधी विहार तलाव झाला, 1860 च्या सुमारास, मग 1879 साली तुळशी. तलाव भरायचे तर भोवतालचे डोंगर झाडांखाली राहायला हवेत, म्हणून तो सगळा पाणलोट राखला गेला. त्याच्याही आधी, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी, कान्हेरीच्या भिक्खूंनी याच डोंगरात लेण्यांच्या दारादारांशी पाण्याची टाकी खोदली. पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्यांत उतरवलं. शंभरावर लेणी आहेत तिथे. इतकी वर्षं मी ती मूर्ती बघायला जायचे. आता पुढच्या वेळी टाकी बघणार आहे.

ओढ्याच्या पलीकडच्या चिखलात दादा गुडघ्यावर बसले. आम्हाला अर्धगोल करून उभं केलं, कोणाचा पाय पडू नये म्हणून. ठसा होता. मागे तीन फुगवटे असलेली गादी, पुढे चार बोटं, आणि बोटांपुढे नखांची खूण नाही. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजरकुळातले चालताना नखं आत घेतात. कडा थोड्या सुकल्या होत्या, म्हणजे रात्रीचा. बिबट्या. आमच्या आधी सात-आठ तास तो इथे पाणी प्यायला होता. 2015 साली कॅमेरा ट्रॅप लावून इथले बिबटे मोजले तेव्हा ते 35 भरले. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यावरून ओळखतात. चितळ, सांबर तो खातोच, पण जंगलाच्या कडेला आपल्या कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्रीही त्याच्या खाण्याचा मोठा भाग आहेत. दादांना मी विचारलं, पाड्यावर भीती वाटत नाही का. ते म्हणाले, "तो त्याच्या वाटेनं जातो. पोरांना सांजेला एकटं सोडायचं नाही, घराभोवती घाण टाकायची नाही, वाट उजेडाची ठेवायची. बाकी वाघोबा आमचा देव हाय. बारशीला त्याला नारळ फोडतो." त्यांच्या पाड्याबाहेर वाघोबाचा दगड आहे, वर सूर्य-चंद्र कोरलेले. वारली माणसं वाघ आणि बिबट्या दोघांनाही वाघच म्हणतात.

त्यानंतर चढावर एका उंबराखाली दादांनी आम्हाला बसवलं. "आता पंधरा मिनिटं कोणी बोलायचं नाही." पाच मिनिटांत माझे पाय अवघडले, डास चावले, मनात बँकेची कामं येऊ लागली. दहा मिनिटं झाली. मग वरून शिक्र्याचा, म्हणजे त्या लहान शिकारी पक्ष्याचा, आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या, आभाळात शिक्रा नव्हता. त्याच जागेवरून बुलबुलाचा आवाज आला, मग मांजरीसारखा काहीतरी. आणि फांद्यांतून एक काळा तकतकीत पक्षी झेपावला. शेपटीच्या दोन लांब तारा, तारांच्या टोकाला पाकळीएवढी पिसं, जणू दोन भुंगे त्याचा पाठलाग करताहेत. भृंगराज. दुसऱ्यांचे आवाज काढणारा तोच.

तो एकटा नव्हता. त्याच्या मागून झाडच्या झाड जिवंत झालं. नारिंगी पोटाचे निखार, खोडावरून डोकं खाली करून उतरणारा शिलिंध्री, सालीवर ठोके देत वर सरकणारा सोनपाठी सुतार, मी नाव विसरले असे दोन माशीमार. आणि त्या सगळ्यांत स्वर्गीय नर्तक, पांढराशुभ्र नर, शेपटीच्या दोन फिती हवेत लाटेसारख्या सोडत या फांदीवरून त्या फांदीवर गेला. पावसाळा संपला की हे वेगवेगळ्या जातींचे पक्षी असे एकत्र हिंडतात. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि एवढ्या डोळ्यांतून ससाणा-शिक्रा सुटत नाही. भृंगराज त्यांचा राखणदार. चारेक मिनिटांत सगळा थवा आमच्या डोक्यावरून पुढे सरकला आणि झाड पुन्हा मुकं झालं. सप्टेंबरात मी भराभर चालत गेले तेव्हा असे किती थवे माझ्या मागे-पुढे होऊन गेले असतील. आम्ही चालत राहिलो असतो तर आजही ते आमच्या आधी किंवा नंतर तिथून गेले असते.

परतीच्या वाटेवर, साडेनऊच्या सुमारास, डाव्या हाताच्या उतारावरून भुंकल्यासारखा आवाज आला. एकच, खरखरीत, घशातून. मला कुत्रा वाटला. दादांचा हात वर. पुन्हा तोच आवाज, मध्ये श्वास घेण्याएवढं अंतर ठेवून, पुन्हा, पुन्हा. "भेकर," ते ओठांनीच म्हणाले. हे लहानसं हरीण, धोका दिसला की असं भुंकतं. लगेच वरच्या झाडांतून वानराची खकर सुरू झाली. एक नर फांदीच्या टोकाला ताठ बसून खाली एकाच जागेकडे बघत होता. आम्ही बाराजण, पाय जिथे होते तिथे. माझ्या छातीतला ठोका मला कानात ऐकू येत होता. वानर बघत होता त्या जागी कारवीच्या काठ्या होत्या, त्यांच्यामागे सावली. सावलीत काही हललं असेल, नसेल. मी वीस मिनिटं त्या काठ्यांवरून नजर काढली नाही. भेकराचा आवाज हळूहळू लांब गेला, ओढ्याच्या दिशेने. वानर खाली बसला आणि पानं खाऊ लागला. दादा म्हणाले, "गेला. चला." कोणीही पुढे जाऊन बघूया म्हटलं नाही. तो फोनवाला तरुणही नाही. आम्हाला बिबट्या दिसला नाही. त्याने आम्हाला पाहिलं की नाही तेही कळायला मार्ग नाही. पण तो तिथे होता, आणि भेकर व वानर त्याच्याबद्दल जे बोलत होते ते मला त्या सकाळी पहिल्यांदा समजलं.

रस्त्याला लागलो तेव्हा अकरा वाजले होते. कान्हेरीकडे जाणारी गर्दी सुरू झाली होती. निघताना दादांनी सांगितलं, फेब्रुवारीत काटेसावर फुलली की या, पानं झडलेली असतात, लाल फुलांवर एका झाडावर वीस-वीस जातींचे पक्षी दिसतात. मी नाव तिथल्या तिथे लिहून दिलं.

घरी आले, दाराशीच आईने बसवलं आणि माझ्या पँटला चिकटलेली कुसळं एकेक करून काढू लागली. मी तिला चापड्याचं सांगितलं, ठशाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. भेकराचं सांगताना मला तो आवाज काढता येईना. आईने हातातलं कुसळ खाली ठेवलं, मान थोडी वर केली आणि घशातून एकदाच आवाज काढला. तंतोतंत तोच. सत्तर वर्षांपूर्वी वाडीच्या मागच्या रानात तो आला की तिची आजी गुरं गोठ्यात घ्यायला धावायची. मी तिच्या तोंडून हा आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"कान्हेरीचा रस्ता डांबरी आहे म्हणालीस ना?" तिने विचारलं. "मग फेब्रुवारीत मला तेवढ्या रस्त्यापर्यंत तरी ने. मी पुढे येत नाही. बसून राहीन."